बिल नको म्हटलं, तिथेच फसलो



मागच्या महिन्यात मंदिरातून बाहेर पडताना एका वहिनींनी मला बाजूला घेतलं. त्यांची मुलगी आणि जावई पुण्याहून बेंगळुरूला राहायला जाणार होते. "सामान न्यायला कोणी माहितीतलं आहे का? तुम्ही सांगलीहून आलात तेव्हा कोणाला दिलं होतं?" मी म्हटलं, "ज्यांना दिलं त्यांना देऊ नका, एवढंच सांगते." त्या हसल्या, मीही हसले. पण घरी आल्यावर मन लागेना. आम्हाला पुण्यात येऊन तीन वर्षं झाली, पण सामानाची ती गोष्ट मी आजवर अर्धीच सांगत आले आहे. त्यांनी आम्हाला कसं फसवलं, ती अर्धी. त्यात आमचा वाटा काय होता, ती अर्धी मी गाळत आले. आज दोन्ही लिहिते.

सांगलीचं घर आवरून मुलाच्या जवळ राहायला यायचं ठरलं, तेव्हा आम्ही तिघांकडून भाव घेतले. पहिल्याचा माणूस घरी आला, माळ्यावरसुद्धा डोकावला, आणि बत्तीस हजार अधिक जीएसटी असं कागदावर लिहून देऊन गेला. दुसऱ्याने फोनवर सत्तावीस सांगितले. तिसरा इंटरनेटवर सापडला. त्याचं नाव एका मोठ्या नावासारखंच होतं, एखाददुसरं अक्षर इकडेतिकडे. त्याने घर न बघता साडेसतरा हजार सांगितले. म्हणाला, "बिल हवं असेल तर जीएसटी वेगळा पडेल काकू. नको असेल तर हाच आकडा फायनल."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण घरचा हिशेब पहिल्यापासून माझ्याकडे. आणि मी, बी. कॉम. झालेली बाई, म्हणाले, "बिल कशाला हवंय? आपल्याला कोणाला दाखवायचंय?"

पाच हजार ॲडव्हान्स फोनवरून पाठवला. तो पोचला कुठल्याशा माणसाच्या नावावर, फर्मच्या नावावर नाही. ते मला दिसलं, पण मी काही बोलले नाही. ठरलेल्या दिवशी टेम्पो आला, त्याच्यावर तिसरंच नाव. चार पोरं होती, बिचारी चांगली होती, दुपारपर्यंत सगळं भरलं. यादी केली नाही. मी विचारलं तर म्हणाले, "घरचंच सामान आहे ना काकू, यादी कशाला?"

सांगली ते पुणे सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. रात्री निघालेली गाडी सकाळी यायला हवी. दुपारी फोन आला, "सामान जास्त निघालं, मोठी गाडी लावावी लागली. चौदा हजार वर टाका, मग गाडी निघेल." गाडी कुठे आहे? गोडाऊनला. गोडाऊन कुठे आहे? फोन कट. दोन रात्री आम्ही रिकाम्या घरात सतरंजीवर झोपलो. ह्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचा डबा मी घाईत खोक्यात भरला होता, तो गाडीत. तिसऱ्या दिवशी पैसे पाठवले. गाडी दारात आल्यावर उरलेले साडेबारा हजार आधी घेतले, मगच दार उघडलं. बेरीज करा: पाच, चौदा, साडेबारा. साडेएकतीस हजार. पहिल्या माणसापेक्षा पाचशे रुपये आणि कर एवढं वाचवलं, आणि त्या बदल्यात सासूबाईंचं पितळी घंगाळ आणि डब्यांची चळत भरलेलं खोकं गेलं. ड्रायव्हर म्हणाला, "तेवढंच सामान होतं." आमच्याकडे यादी नव्हती. होतं की नव्हतं, कसं सिद्ध करणार?

नंतर मुलाने त्यांच्या पत्रकावरचा जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर टाकून पाहिला. तो दुसऱ्याच कोणाचा निघाला, धंदाही वेगळाच.

तक्रार करता आली असती. पैसे पाठवल्याची नोंद फोनमध्ये होती, नंबर होता, मेसेज होते. आम्ही केली नाही. लोकांना सांगताना मी म्हणत असे, "जाऊ दे, आपलं कर्म." ते खरं नव्हतं. खरं कारण असं, की कोणीही पहिला प्रश्न विचारला असता, बिल का घेतलं नाही? आणि त्याचं उत्तर मला द्यायचं नव्हतं.

हे सगळं मनात दाबून ठेवलेलं असताना दशलक्षण पर्व आलं. आपल्याकडे दहा दिवस तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय होतो. सातव्या दिवशी सातवा अध्याय, व्रतांचा. अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार लहानपणापासून ऐकत आले आहे: स्तेनप्रयोग, तदाहृतादान, विरुद्धराज्यातिक्रम, हीनाधिकमानोन्मान, प्रतिरूपकव्यवहार. त्या दिवशी एकेक शब्द कानात शिरला. प्रतिरूपकव्यवहार म्हणजे खऱ्यासारखं खोटं पुढे करणं, मोठ्या नावाशी मिळतंजुळतं नाव लावणाऱ्याला हा शब्द चपखल बसतो. सत्याच्या अतिचारांत न्यासापहार येतो. ठेव ठेवणारा नेमका आकडा विसरला आणि कमी मागू लागला, तर "बरोबर, तेवढीच होती" म्हणून बाकीची पचवणं, असा त्याचा अर्थ सांगतात. ड्रायव्हरचे शब्द आठवून माझ्या अंगावर काटा आला. जुन्या आचार्यांनी बाजार किती जवळून पाहिला होता!

मग विरुद्धराज्यातिक्रम. राज्याचा नियम डावलून व्यवहार करणं. जुन्या काळी जकात चुकवणं, आज कर चुकवणं. हा त्या माणसाचा दोष खरा. पण "बिल कशाला हवंय" हे वाक्य माझं होतं. तो चुकवत होता आणि मी त्यात वाटा घेत होते. त्या दिवसापासून माझं मत पक्कं झालं आहे. सामान नेणाऱ्यांची बहुतेक फसवणूक त्या एका वाक्यातून आत शिरते. कच्च्या व्यवहारात आपण स्वस्ताईसाठी उतरतो, आणि त्याच क्षणी आपला हक्क मागायची आपलीच हिंमत जाते. समोरच्याला हे चांगलं माहीत असतं. तो बिल टाळतो ते नुसतं कर वाचवायला नाही, आपलं तोंड बंद करायलाही.

आपल्यातल्या पुष्कळजणी मला सांगतात, कागद मागितला की अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं. मला ते पटत नाही. आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या दुकानं चालली. वही, रोजमेळ, खतावणी यांवर घराणी उभी राहिली. सख्ख्या भावाला उसने दिले तरी वहीत लिहायचे, आणि त्याचा कोणाला राग येत नसे. लिहून ठेवल्याने दोघांचंही मन स्वच्छ राहतं. मग चाळीस वर्षांचा संसार अनोळखी माणसाच्या गाडीत चढवताना लाजायचं कशाला?

तर वहिनींच्या मुलीला मी घरी बोलावलं. म्हटलं, ये, वही घेऊन बस. आम्ही दोघींनी जे केलं ते तुम्हालाही सांगते.

पहिलं काम सामान कमी करण्याचं. भाडं ठरतं ते सामान किती जागा व्यापतं आणि किती लांब जायचं त्यावर. परिग्रह परिमाण आपण नुसतं ऐकतो, घर बदलताना ते करून बघायची संधी मिळते. तिने तीन खोकी कपडे आणि न वापरलेली भांडी देऊन टाकली.

दुसरं, घर दाखवल्याशिवाय भाव घ्यायचा नाही. माणूस येऊन बघू दे, नाहीतर व्हिडिओ कॉलवर माळा, गॅलरी, पलंगाखालचं सगळं दाखवा. न बघता सांगितलेला आकडा हा आकडा नसतोच, तो गळ असतो. तिघांचे भाव घ्या आणि एखादा बाकीच्यांच्या अर्ध्यावर असेल तर आनंद मानू नका. डिझेल, टोल, माणसांची मजुरी सगळ्यांना सारखीच पडते. तो उरलेले पैसे कुठून काढणार, हे स्वतःला विचारा.

भाव लेखी घ्या, आणि त्यात काय धरलंय तेही लिहून घ्या: पॅकिंग, चढवणं, उतरवणं, टोल, कर, दोन्हीकडचे मजले, लिफ्ट आहे की नाही, गाडी दारापर्यंत येते की गल्लीच्या तोंडाशी थांबते. गाडी फक्त आपली आहे की दुसऱ्यांचं सामानही त्यात आहे, हेही विचारा. सामायिक गाडी स्वस्त पडते, त्यात गैर काही नाही, पण ती वाटेत गोडाऊनला थांबते, सामान उतरतं, पुन्हा चढतं. मग पोचण्याची तारीख कागदावर हवीच.

आता जीएसटी नंबर. हा माझ्या आवडीचा भाग. तो पंधरा अक्षर-आकड्यांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे 27, कर्नाटकाचे 29. पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या धंद्याचा पॅन. पॅनचं चौथं अक्षर, म्हणजे जीएसटी नंबरातलं सहावं, सांगतं की धंदा कोणाचा आहे. 'पी' असेल तर एकट्या व्यक्तीचा, 'एफ' असेल तर भागीदारीचा, 'सी' असेल तर कंपनीचा. पत्रकावर 'प्रायव्हेट लिमिटेड' छापलंय आणि सहावं अक्षर 'पी' आहे, तर तिथेच थांबा. नंबर जीएसटीच्या पोर्टलवर कोणालाही फुकट तपासता येतो. नाव, पत्ता आणि नोंदणी चालू आहे की रद्द, सगळं दिसतं. आम्ही चार पत्रकं तपासली, त्यातला एक रद्द झालेला निघाला. पाच मिनिटांचं काम, आणि मी ते तीन वर्षं उशिरा केलं.

पत्रकावर 'आयबीए मान्यताप्राप्त' असं ठळक छापलेलं असतं. इंडियन बँक्स असोसिएशनची मान्यताप्राप्त वाहतूकदारांची यादी असते हे खरं. पण छापणारा खरंच तिच्यात आहे का ते बघावं लागतं. आणि ती यादी मुळात बँकांच्या सोयीसाठी आहे, बँकांना त्या वाहतूकदारांच्या बिल्टीवर व्यवहार करता यावा म्हणून. तुमचं कपाट ओरखडा न पडता येईल याची ती हमी नाही.

विम्याचं तर विचारूच नका. सामानाच्या किमतीवर अमुक टक्के 'इन्शुरन्स' म्हणून लावतात आणि हातात काही देत नाहीत. सामान नेणारा स्वतः विमा कंपनी नसतो. पैसे दिलेत तर विमा कंपनीची पॉलिसी, नंबरासकट, सामान चढण्याआधी मागा, आणि ती फक्त अपघात व आगीपुरती आहे की फुटतूट, चोरीही त्यात धरली आहे, हे वाचून घ्या. पॉलिसी मिळत नसेल तर तो टक्का देऊ नका.

सामान भरताना प्रत्येक खोक्याला नंबर घाला आणि नगांची यादी दोन प्रतींत करा. कोणत्या वस्तूला आधीपासून ओरखडा आहे तेही लिहा, आणि दोघांच्या सह्या. फोटो काढा, गाडीच्या नंबराचाही. बिल्टी घेतल्याशिवाय गाडी हलू देऊ नका. तिच्यावर पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव, गाडीचा नंबर, नग, किंमत आणि भाडं किती दिलं, किती बाकी, हे सगळं हवं. काही जण रस्त्यात ई-वे बिल लागेल म्हणून वर पैसे मागतात. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिलातून सूट आहे, हे लक्षात ठेवा.

पैसे टप्प्याने द्या आणि फर्मच्या खात्यावरच. थोडा ॲडव्हान्स, काही सामान भरल्यावर, आणि मोठा हिस्सा सामान उतरवून नग मोजल्यानंतर. ॲडव्हान्स परत करतो म्हणून कोणी क्यूआर कोड पाठवला तर हात लावू नका. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही. दागिने, घराचे कागद, औषधं आणि शास्त्रं गाडीत द्यायची नाहीत. शास्त्रांचं बासन मी त्याही वेळी मांडीवर घेऊन आले होते, तेवढं एक मला सुचलं होतं.

आणि सामान उचलणाऱ्या पोरांशी गोड वागा. लबाडी ठरवणारा खुर्चीत बसलेला असतो, पलंग पाठीवर घेऊन जिना उतरणारा नव्हे. त्यांना पाणी, चहा, दोन घास द्या. सूर्यास्ताआधी काम आटपेल असं पाहा, म्हणजे त्यांचीही घाई होत नाही आणि आपल्यालाही उजेडात नग मोजता येतात.

हे सगळं लिहून झालं आणि ती मुलगी म्हणाली, "काकू, एक विचारायचं राहिलं." जावयाची कंपनी सामान हलवण्याचा खर्च देणार होती. भाव द्यायला आलेल्या एकाने विचारलं होतं, "सर, बिल कितीचं बनवू?" खर्च अडतीस हजार, बिल साठचं, वरचे बावीस खिशात. सगळेच करतात म्हणे.

मी तिला अतिचारांची यादी काढून दाखवली. कूटलेखक्रिया. खोटा कागद करणं. म्हटलं, बाळा, जो तुझ्यासाठी खोटं बिल सहज बनवतो, तो तुझ्याविरुद्धही बनवेल. त्याला तुझं गुपित कळलं की उद्या त्याने वर दहा हजार मागितले तर तू कोणाकडे जाणार? बिल न घेणं आणि खोटं बिल घेणं ही एकाच दोरीची दोन टोकं आहेत. मी एका टोकाला बांधली गेले होते, तू दुसऱ्या टोकाला बांधली जाऊ नकोस. तिने ऐकलं की मनात हिशेब केला, मला माहीत नाही. पण आठ दिवसांनी तिचा फोन आला. बेंगळुरूला सामान पोचलं होतं, एकसष्ट नग, यादीप्रमाणे एकसष्ट. बिल किती, ते मी विचारलं नाही. ती आपणहून म्हणाली, "काकू, अडतीसचंच घेतलं."

आता शेवटचं, आणि याबद्दल आपल्यात मतभेद होतील याची मला कल्पना आहे. फसवलं गेल्यावर आपण पटकन म्हणतो, क्षमा करावी, कशाला कोर्टकचेरी. उत्तम क्षमा आपल्या दहा धर्मांतला पहिला धर्म आहे, तो मी कसा नाकारीन? पण क्षमा म्हणजे मनात वैर न ठेवणं. झालेली गोष्ट लपवणं म्हणजे क्षमा नव्हे. मी जिला क्षमा म्हणत होते ती लाज होती. आणि माझ्या गप्प बसण्याने त्या माणसाला आणखी किती घरं मिळाली असतील, हा विचार मला आजही त्रास देतो. वैर न धरता तक्रार करता येते. ती स्वतःपेक्षा पुढच्या बाईसाठी असते.

म्हणून हे नंबर लिहून फ्रिजवर लावा. ग्राहक हेल्पलाइन 1915. ऑनलाइन पैसे लुबाडले गेले तर तासाभराचाही उशीर न करता 1930. सामान अडवून धमकावत असतील तर 112. सामान हरवलं किंवा मोडलं तर वाहतूकदाराला लेखी नोटीस द्या. रस्त्याने मालवाहतुकीचा जो 2007 चा कायदा आहे, त्याप्रमाणे ती बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत जायला हवी. ग्राहक संरक्षण कायदा 2019 चा. त्याप्रमाणे आपण राहतो तिथल्याच जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, त्यांच्या गावाला खेटे घालावे लागत नाहीत. मुदत दोन वर्षांची, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. माझी दोन वर्षं केव्हाच उलटली. घंगाळ गेलं त्याचं दुःख आता ओसरलं. ती दोन वर्षं मी लाजून घालवली, त्याचं ओसरलेलं नाही.

हा लेख ह्यांना वाचून दाखवला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बिल नको असं तू एकटी कुठे म्हणालीस? मीही मान डोलावली होती. तेही लिही." लिहिलं.

तुमच्यापैकी कोणी घर बदलणार असेल तर भाव विचारण्याआधी एकच प्रश्न विचारा: "पक्कं बिल देता ना?" समोरचा अडखळला तर नमस्कार करून फोन ठेवा.

जय जिनेंद्र.